लेकराला त्याची गोष्ट तुम्हीच सांगा

आई-बाबांनो, आणि नातवंडांच्या भेटीसाठी एसटीने लांबून येणाऱ्या आज्यांनो, मामांनो, आत्यांनो, आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे. तुमचं लेकरू बालगृहात राहतं. कुणाच्या घरातला कर्ता माणूस गेला. कुणाच्या नवऱ्याने दारूपायी घर उधळलं. कुणाला तान्ह्यासोबत मोठीलाही घेऊन ऊसतोडीला जाणं जमेना, तर कुणाला दुसऱ्या लग्नानंतर पहिल्या घरातलं मूल सोबत नेता आलं नाही. यातल्या कशाचाही जाब मी विचारणार नाही. बालगृहातल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील, कधी दोघंही, हयात असतात. बाहेरचे लोक त्या इमारतीला सरसकट अनाथाश्रम म्हणत असले, तरी आपलं माणूस कुठेतरी आहे हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. मग मी इथे का, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मुलांना कुणी दिलेलं नसतं. भेटीच्या दिवशी तुम्ही खाऊ आणता, केसांवरून हात फिरवता, 'अभ्यास करतोस ना, मॅडमचं ऐकतोस ना' असं विचारता आणि निघताना 'पुढच्या महिन्यात घरी नेते हं' म्हणून जाता. मूल इथे कसं आलं, हा विषय निघत नाही. लहान आहे, विसरला असेल, कशाला खपली काढायची, असं तुम्हाला वाटतं. या मुलांसोबत काम करताना मला मात्र वेगळंच दिसत आलं आहे. मूल विसरत नाही. उत्तर मिळालं नाही की ते स्वतः उत्तर तयार करतं, आणि त्या उत्तरात दोषी बहुतेक वेळा ते स्वतःच असतं.

लहान मूल जगाचा विचार स्वतःला मध्यभागी ठेवून करतं, हे ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवून दिलं. मी कालवण सांडलं म्हणून बाबांनी आईला मारलं आणि आई माहेरी गेली. मी रागाने बाबांना 'मरा' म्हणालो आणि ते खरंच मेले. मी फार खायचो म्हणून मला इथे ठेवलं. मी मुलगी म्हणून मला पाठवलं आणि भावाला ठेवून घेतलं. असे हिशोब मुलं मनातल्या मनात मांडतात आणि वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. मग एक दिवस शाळेत विनाकारण मारामारी होते, दहा वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागतो, हुशार मुलगी परीक्षेत कोरा पेपर देते. आपण म्हणतो, बिघडलं. आत मात्र ते मूल स्वतःला शिक्षा देत असतं.

आणखी एक समजूत मनातून काढून टाका. 'आता रुळलाय तो, पहिल्यासारखा रडत नाही,' असं पुष्कळ पालक समाधानाने सांगतात. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्यांनी १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीवर छोटा चित्रपट केला होता. एका लहानशा शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस रुग्णालयात होती, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे आईवडिलांना सोबत राहायची परवानगी नव्हती. जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञांसोबत काम करताना रॉबर्टसन यांनी मुलांच्या ताटातुटीचं एक चित्र नोंदवलं. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी शांत होतं. हे शांत होणं मोठ्यांना बरं वाटतं, पण त्या वेळी मुलाने आपलं मन आवरून घेतलेलं असतं, आणि पुन्हा भेट झाली तरी ते तोंड फिरवतं. तुमचं लेकरू भेटीला आल्यावर तुमच्याकडे न बघता फक्त बिस्किटांचा पुडा बघत असेल, तर त्याला माया उरली नाही असं समजू नका.

मग सांगायचं कसं? मी एकच पथ्य पाळते. वयाला पेलेल तेवढंच सांगावं, पण पुढे मागे घ्यावं लागेल असं काही सांगू नये. चार वर्षांच्या मुलाला सगळा तपशील नको असतो. 'आई आजारी होती, तिला तुझी काळजी घेता येत नव्हती, म्हणून तू इथे आहेस' एवढं त्याला पुरतं. आठ-नऊ वर्षांचं झालं की ते विचारेल, कसला आजार? तेव्हा पुढचं सांगायचं. तेराव्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा येईल, या वेळी रागाने. तेव्हा आणखी पुढचं सांगायचं. एकदा सांगून हा विषय संपत नाही, आणि संपवायची घाईही करू नये. पण आज सांगितलेलं उद्याच्या सांगण्याशी जुळलं पाहिजे. 'बाबा दुबईला गेलेत' असं सांगितलंत आणि पाचवीतल्या मुलाला गावाकडच्या चुलतभावाकडून बाबा तुरुंगात असल्याचं कळलं, तर त्या दिवशी त्याला बाबांपेक्षा तुमचा राग जास्त येतो. त्यानंतर तुम्ही काहीही सांगा, ते आधी पारखून बघतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या घरांत शेतकरी बापाने औषध पिऊन जीव दिला, त्या घरांतल्या मुलांबद्दल इथे थोडं थांबून बोलते. या मुलांना 'बाबा देवाघरी गेले' असं सांगितलेलं असतं. गावातल्या प्रत्येकाला खरं काय ते माहीत असतं, दारात आलेल्या पत्रकारालाही माहीत असतं, आणि मूलही कानावर पडलेल्या तुकड्यांतून बरंच जोडत असतं. फक्त त्याच्याशी कुणी बोलत नाही. मग ते विचारायचंही सोडून देतं, कारण विचारलं की आई रडते. अशा मुलाला जवळ बसवून सांगा, 'बाबांवर कर्ज झालं होतं, पीक गेलं होतं, आणि त्यांचं मनही आजारी पडलं होतं. मन फार आजारी पडलं की माणसाला दुसरा रस्ता दिसत नाही. त्यांनी विष घेतलं. तू काही केलंस म्हणून नाही, आणि तू काही केलं असतंस तरी ते थांबलं नसतं.' हे शेवटचं वाक्य एकदा सांगून भागत नाही. मुलं ते मनाशी पुन्हा पुन्हा तपासतात, तेव्हा तुम्हीही पुन्हा पुन्हा सांगा. आणि बाबा म्हणजे फक्त तो एक दिवस नव्हे, हेही सांगा. ते बैलांशी कसे बोलायचे, पोळ्याला शिंगांना कोणता रंग लावायचे, तुला खांद्यावर घेऊन जत्रेत कसे फिरायचे. ज्याला बापाचं मरण तेवढं ठाऊक असतं आणि जगणं ठाऊक नसतं, त्या मुलाला मोठं होताना आपलंही तसंच होणार अशी धास्ती वाटत राहते.

काही गोष्टी एकट्याने सांगू नका. बापाने आईला मारलं असेल, घरातल्याच माणसाने मुलीवर अत्याचार केला असेल, किंवा मुलाला एचआयव्ही असेल, तर बालगृहातले समुपदेशक किंवा एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रातले समुपदेशक सोबत असू द्या. स्वतःला एचआयव्ही आहे हे मुलाला शाळकरी वयातच, टप्प्याटप्प्याने सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे. रोज गोळ्या घेणाऱ्या मुलाला आपल्याला काहीतरी आहे हे कळतच असतं. ते काय आहे हे त्याने गोळ्यांच्या डबीवरून ओळखू नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

दुसरं लग्न केलेल्या आयांशी जरा वेगळं बोलायचं आहे. तुमची अडचण मला कळते. नव्या घरात पहिल्या मुलाचं नावही काढायची सोय नसते. पण मुलाच्या भेटीला 'मावशी' म्हणून येऊ नका, अशी हात जोडून विनंती आहे. रजिस्टरमध्ये नातं मावशीचं लिहायचं, मुलाला 'मला मावशी म्हण' असं शिकवायचं, असं घडतं. आवाज, वास, स्पर्श यांवर मुलाचा विश्वास असतो. त्याला कळत असतं ही आई आहे. मग त्याने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की तुमच्या शब्दावर? त्यापेक्षा, 'मी तुझी आई आहे. मी ज्या घरी राहते तिथल्या मोठ्या माणसांनी तुला ठेवून घ्यायला नकार दिला. ते त्यांचं चुकलं. तुझं काही चुकलं नाही,' असं सांगा. हे बोलताना तुमचा जीव तुटेल, पण मूल हे पेलतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका विधवा ब्राह्मण स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला दत्तक घेतलं, तेव्हा त्याचा जन्म जगापासून दडवला नाही. त्या काळातही ते शक्य झालं. यशवंत पुढे डॉक्टर झाले, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसोबत रुग्णांच्या सेवेत उभे राहिले.

आतापर्यंत मी दुःखाबद्दलच बोलले. पण मुलाचा भूतकाळ म्हणजे फक्त दुःख नव्हे, आणि तुमच्याशी बोलायची खरी निकड मला यासाठीच वाटते. बालगृहाच्या फाइलमध्ये मुलाचं काय काय असतं? बाल कल्याण समितीचा आदेश, गृहचौकशी अहवाल, आधारकार्डाची झेरॉक्स, शाळेचा दाखला. जन्मतारीख पुष्कळदा १ जून, कारण दाखल करताना नक्की तारीख कुणी सांगू शकलं नाही. मात्र ज्या वर्षी विहीर आटली त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे, गाडी मिळेना म्हणून ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेताना हे लेकरू जन्मलं, हे फाइलमध्ये कुठेही नसतं. ते तुमच्याकडे असतं. नाव कुणी ठेवलं, पहिला दात केव्हा आला, आजी कोणतं गाणं म्हणून झोपवायची, कुलदैवत कोणतं, आत्या किती, मामा किती, हे सगळं तुमच्याकडेच असतं. बंजारा तांड्यावरून आलेलं मूल दोन वर्षांत गोरमाटी विसरतं आणि मग आजीशी बोलायचं त्याला जमेनासं होतं. फासेपारधी वस्तीवरच्या मुलाला शाळेत आपण कोण हे सांगायची लाज वाटू लागते. अशा मुलाला कोण जगणं शिकवणार, तुमच्याशिवाय?

ब्रिटनमध्ये संस्थांत वाढणाऱ्या मुलांसाठी समाजकार्यकर्त्यांनी 'जीवनकथा' नावाची एक पद्धत बसवली. टोनी रायन आणि रॉजर वॉकर यांनी त्यावर लिहिलेलं पुस्तक १९८५ पासून तिथले कार्यकर्ते वापरत आले आहेत. मूल आणि त्याच्या विश्वासातलं एक मोठं माणूस मिळून एक वही तयार करतात. त्यात जन्मगाव, नकाशा, घराचं चित्र, आपली माणसं, कोणत्या शाळेतून कोणत्या शाळेत गेलो, कुठून कुठे आलो, कोण भेटलं, असं सगळं असतं. आवडलेलं असतं, दुखलेलं असतं, आणि 'मला अजून हे कळलेलं नाही' असं एक पानही असतं. एचआयव्हीमुळे आईबाप गमावलेल्या मुलांसोबत काम करताना आफ्रिकेच्या दक्षिण भागात न्काझेलो न्क्यूबे यांनी डेव्हिड डेनबरो यांच्या साथीने 'जीवनवृक्ष' घडवला. त्यात मूल झाड काढतं. मुळांत आपण कुठून आलो ते, जमिनीत आजचं रोजचं जगणं, खोडात आपल्याला काय काय येतं ते, फांद्यांवर मनातल्या इच्छा आणि पानांवर जिवाभावाची माणसं, हयात असलेली आणि गेलेलीही. वादळांबद्दल बोलणं त्यानंतर येतं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पाय टेकायला जागा मिळाल्याशिवाय कुठल्याही मुलाला त्याचं दुःख उकरायला लावू नये.

यासाठी खास साहित्य लागत नाही. दोनशे पानी वही आणि खडू पुरतात. तुमच्या मोबाइलमध्ये फोटो असतीलच. तालुक्याच्या गावी स्टुडिओत थोड्या पैशांत ते छापून मिळतात. घराचा, अंगणाचा, शेळीचा, देवळाचा, गेलेल्या माणसाचा फोटो न्या. प्रत्येकामागे नाव आणि गाव लिहा. एक प्रत अधीक्षकांकडे फाइलमध्ये ठेवायला द्या. मुलं संस्था बदलतात, सहा वर्षांपर्यंत शिशुगृहात आणि नंतर बालगृहात, कधी या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात, आणि त्या धांदलीत मुलाच्या पत्र्याच्या पेटीतला एकुलता एक फोटो हरवतो. फोटो पुन्हा छापता येतो, पण तो कुणाचा होता हे सांगणारं माणूस पुन्हा सापडेलच असं नाही.

बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा असायला हवा. भेटीला गेलात की परिविक्षा अधिकाऱ्यांना किंवा समुपदेशकांना विचारा, माझ्या मुलाचा आराखडा काय आहे? त्याला इथे का आणलं हे त्याला कुणी सांगितलं आहे का, कोणत्या शब्दांत? तुमचे आणि त्यांचे शब्द एकच हवेत. भाऊ एका गावच्या मुलांच्या संस्थेत आणि बहीण दुसऱ्या गावच्या मुलींच्या संस्थेत, हे आपल्याकडे सर्रास घडतं. त्यांची भेट घडवावी म्हणून बाल कल्याण समितीला अर्ज करा. तोवर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला पोचवणारे तुम्ही व्हा. ज्याचे आईबाप दोघंही उरले नाहीत, त्याच्या आयुष्याचा साक्षीदार बहुधा त्याचा भाऊ किंवा बहीणच असते.

आता त्या 'पुढच्या महिन्यात नेते' बद्दल. मूल कॅलेंडरवर खुणा करतं, हे तुम्हाला ठाऊक असू द्या. न्यायचं नक्की नसेल तर 'सध्या नेता येणार नाही, पण दर दुसऱ्या रविवारी येईन' असं सांगा, आणि मग या. येणं जमलं नाही तर फोन करा. आणि खरंच न्यायची इच्छा असेल, तर अडचण पैशांची आहे का हे एकदा नीट तपासा. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, असं कायदाच म्हणतो. आपल्या राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एक पालक गमावलेल्या किंवा अडचणीतल्या मुलासाठी घरीच सांभाळायला दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. मंजुरी हातात येईपर्यंत मात्र घरी नेण्याबद्दल मुलाजवळ बोलू नका.

खरं सांगितल्यावर मूल कसं वागेल? एखादं ऐकून खेळायला पळेल, जणू काही ऐकलंच नाही. एखादं तुम्हाला ढकलून देईल. एखादं रात्री जेवणार नाही. हे अपेक्षितच आहे. निघण्यापूर्वी काळजीवाहक मावशींना सांगून जा, की आज असं असं बोलणं झालं आहे, रात्री जरा लक्ष ठेवा. आणि मूल रडलं म्हणून पुढची भेट टाळू नका. 'तुम्ही येऊन गेलात की तो बिघडतो' असं एखाद्या संस्थेत ऐकवलं जातं. भेटीनंतरचं रडणं हे नातं जिवंत असल्याचं रडणं आहे, ते संस्थेनेही सोसायला शिकायला हवं.

मुलाची गोष्ट ही मुलाची मालमत्ता आहे. वाढदिवस साजरा करायला आलेले पाहुणे केक कापून झाल्यावर 'बाळा, तुझे आईबाबा काय करतात रे?' असं विचारतात, आणि काही ठिकाणी मुलांना उभं करून आपली कहाणी सांगायला लावतात. हे बंद झालंच पाहिजे. अशा मुलाची ओळख उघड होईल असा फोटो किंवा मजकूर प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला एक छोटं उत्तर शिकवून ठेवा, 'माझी आई गावी असते, मी इथे शिकायला राहतो, बाकीचं मला सांगायचं नाही.' कुणाला किती सांगायचं हे ठरवता आलं, की मुलाच्या मनातली लाज कमी होऊ लागते.

अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृह सुटतं. काहींना एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाचा आधार मिळतो, सगळ्यांना नाही. बाहेर पडल्यावर कॉलेजच्या अर्जावर, नोकरीच्या अर्जावर, लग्नाच्या बोलणीत एकच प्रश्न येत राहतो, तुम्ही कुठले, कुणाचे? जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडचे कागद लागतात, रेशनकार्डावर नाव लागतं. ते कागद आत्ताच जमवा, कारण पुढे ते मिळवताना अठरा वर्षांच्या पोराच्या चपला झिजतात.

तेव्हा पुढच्या भेटीला खाऊसोबत घरातला एक फोटो न्या, त्याच्या जन्माची गोष्ट त्याला सांगा, आणि 'तू इथे आहेस यात तुझा काही दोष नाही' हे वाक्य तुमच्या स्वतःच्या तोंडाने, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणा.